डिस्कवर नसलेली फाइल

बॅश या शेलमध्ये, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, एका फाइलचे नाव लिहिता येते, ती उघडता येते, वाचता येते, तिच्यात लिहिता येते. पण ती फाइल डिस्कवर कुठेही नसते. /डेव्ह/टीसीपी असे लिहून पुढे एखाद्या यंत्राचे नाव आणि त्यापुढे पोर्टचा, म्हणजे त्या यंत्रावरच्या सेवेच्या दाराचा, क्रमांक दिला, की बॅश त्या यंत्राशी टीसीपीची, म्हणजे नेटवर्कवर बाइट क्रमाने पोचवणाऱ्या प्रोटोकॉलची, जोडणी करतो आणि ती जोडणी फाइलसारखी आपल्या हवाली करतो. /डेव्ह या डिरेक्टरीची यादी काढून पाहिली, तर टीसीपी नावाची नोंद तिथे सापडत नाही. रिडायरेक्शनच्या, म्हणजे बाइटची वाट वळवणाऱ्या, खुणेपुढे हे ठरावीक नाव दिसले, की बॅश कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे, फाइल मागायला जातच नाही. सॉकेट, म्हणजे जोडणीचे आपल्या बाजूचे टोक, स्वतःच उघडतो. पुढे त्या सॉकेटला एक क्रमांक (डिस्क्रिप्टर) मिळतो, आणि त्या क्रमांकावर लिहिलेले बाइट थेट दुसऱ्या यंत्राकडे जातात.

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात नवीन मुले-मुली रुजू झाली, की मी त्यांना सर्वांत आधी हेच दाखवते. अमेरिकेतील एनआयएसटी ही संस्था प्रमाण वेळ सांभाळते, आणि तिचे वेळेचे सर्व्हर १३ क्रमांकाच्या पोर्टवर १९८३ साली लेखी ठरलेला 'डेटाइम' नावाचा एक अगदी लहान प्रोटोकॉल पाळतात. फाइल वाचून पडद्यावर दाखवणाऱ्या कॅट या आज्ञेला त्या पोर्टची ही नसलेली फाइल वाचायला सांगितली, की पडद्यावर एक रिकामी ओळ येते आणि तिच्याखाली तारीख-वेळेची ओळ उमटते. त्या ओळीच्या सुरुवातीचा पाच आकडी क्रमांक हा खगोलशास्त्रात वापरला जाणारा सुधारित ज्युलियन दिवस असतो, आणि पुढची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाण वेळेतली असल्यामुळे मुंबईची वेळ काढायला तिच्यात साडेपाच तास मिळवावे लागतात. आपण काहीही विचारलेले नसते. जोडणी होताच सर्व्हर बोलतो, आणि बोलणे संपताच जोडणी बंद करतो. म्हणून कॅटलाही 'फाइल संपली' असे वाटते आणि टर्मिनलचा प्रॉम्प्ट परत येतो. हे 'संपली' असे वाटणे ज्याला नीट कळले, त्याला नेटवर्कमधले निम्मे कोडे सुटले, असे मी इतक्या वर्षांच्या कामानंतर ठामपणे म्हणते.

फाइलचा शेवट यंत्राला आधीच ठाऊक असतो, कारण फाइल किती बाइटची आहे हे डिस्कवर नोंदलेले असते. जोडणीला लांबी नसते. पुढचा बाइट आत्ता येईल, तासाने येईल किंवा कधीच येणार नाही. वाचणाऱ्याच्या बाजूने या तिन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. शेलने जोडणीला फाइलचे रूप दिले हे फार मोठे काम झाले, आणि त्या रूपावर माझे मनापासून प्रेम आहे. पण हे रूप जिथे तोकडे पडते तीच जागा मला शिकण्यासाठी सर्वांत मोलाची वाटते.

या रूपाचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. बेल प्रयोगशाळेतील डग मॅक्लरॉय यांनी १९६४ मध्येच एका टिपणात लिहून ठेवले होते, की बागेतल्या नळीचे तुकडे जोडावेत तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता आले पाहिजेत. आणि १९७३ मध्ये केन थॉम्पसन यांनी युनिक्समध्ये पाइप आणला. एका प्रोग्रॅमचे बाहेर पडणारे बाइट दुसऱ्याच्या आत जाऊ लागले, आणि दोघांपैकी कोणालाही दुसरा कोण आहे हे माहीत असण्याची गरज उरली नाही. मात्र १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीत सॉकेट आले, तेव्हा नेटवर्कच्या जोडणीला फाइलचा डिस्क्रिप्टर मिळाला, पण फाइलसारखे नाव मिळाले नाही. ती उघडण्यासाठी वेगळी फंक्शने शिकावी लागत, आणि म्हणून शेलच्या साध्या आज्ञांना नेटवर्क परके राहिले. बेल प्रयोगशाळेतच पुढे तयार झालेल्या प्लॅन ९ या प्रणालीत नेटवर्क खरोखरच /नेट या डिरेक्टरीत फाइलींच्या रूपाने मांडले गेले. मला आजही ती मांडणी अधिक योग्य वाटते. बॅशमधली नसलेली फाइल ही त्या विचाराची शेलने आपल्यापुरती केलेली व्यवस्था आहे, आणि ती बॅशने कॉर्न शेलकडून घेतली.

वेळ विचारण्याच्या पुढची पायरी म्हणजे वेब सर्व्हरशी स्वतःच्या हाताने बोलणे. तीन क्रमांकाचा डिस्क्रिप्टर वाचण्या-लिहिण्यासाठी ८० पोर्टवर उघडायचा, त्यावर प्रिंटएफने 'गेट', मग पत्ता, मग एचटीटीपी १.१ असे लिहायचे, पुढच्या ओळीवर होस्टचे नाव द्यायचे, आणि शेवटी एक रिकामी ओळ सोडायची. प्रत्येक ओळीच्या अखेरीस कॅरेज रिटर्न आणि लाइनफीड असे दोन बाइट लागतात. होस्टची ओळ विसरली तर सर्व्हर ४०० हा क्रमांक देऊन विनंती चुकीची असल्याचे कळवतो, कारण एकाच आयपी पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे असू शकतात आणि आपल्याला त्यांतले कोणते हवे, हे त्याला कळायला दुसरा मार्ग नसतो. आणि रिकामी ओळ विसरली, तर काहीच घडत नाही. सर्व्हर पुढच्या ओळीची वाट पाहत बसतो, आपण त्याच्या उत्तराची. पडद्यावर कसलीही त्रुटी दिसत नाही. ब्राउझरमध्ये गोल फिरणारे चिन्ह पाहताना आत नेमके काय अडले असेल, याची कल्पना या एका प्रयोगाने जितकी स्पष्ट होते तितकी ती व्याख्यानांनी होत नाही.

उत्तर येते तेव्हा आणखी एक गोष्ट दिसते. पूर्ण पान पडद्यावर आले तरी कॅट थांबत नाही. एचटीटीपी १.१ मध्ये सर्व्हर त्याच जोडणीवर आणखी विनंत्या येतील या अपेक्षेने ती उघडी ठेवतो. 'कनेक्शन: क्लोज' अशी ओळ आपण विनंतीत लिहिली तरच तो उत्तर देताच जोडणी मिटवतो. मग ब्राउझरला पान संपल्याचे कसे कळते? बहुतेकदा सर्व्हरने उत्तराच्या डोक्यावर 'कंटेंट-लेंथ' म्हणून मजकुराची लांबी बाइटमध्ये दिलेली असते, ती मोजून. म्हणजे फाइलला जी लांबी डिस्कमुळे आपोआप मिळत होती, ती इथे आधी बोलून ठरवावी लागते.

मराठी माणसाने हे मोजमाप एकदा देवनागरी मजकुरावर करून पाहावे. 'मुंबई' हा शब्द घ्या. डोळ्यांना त्यात तीन अक्षरे दिसतात. बॅशला त्या शब्दाची लांबी विचारली तर तो पाच सांगतो, कारण युनिकोडमध्ये म, उकार, अनुस्वार, ब आणि ई अशा पाच वेगळ्या खुणा आहेत. डब्ल्यूसी या मोजणीच्या आज्ञेला बाइट मोजायला सांगितले तर उत्तर पंधरा येते, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन बाइट लागतात. आता पोस्ट विनंती, म्हणजे सर्व्हरला मजकूर पाठवणारी विनंती, हाताने लिहिताना कंटेंट-लेंथपुढे पंधराऐवजी पाच लिहिले, तर सर्व्हर 'म' पूर्ण घेतो, उकाराच्या तीनपैकी दोन बाइट घेतो आणि विनंती संपली असे समजतो. उरलेले दहा बाइट जोडणीतच राहतात. जोडणी उघडी असेल, तर सर्व्हर त्या दहा बाइटकडे पुढच्या विनंतीची सुरुवात म्हणून पाहतो आणि त्यांचा अर्थ लागत नाही म्हणून ४०० देतो. वेबच्या सुरक्षेत 'रिक्वेस्ट स्मगलिंग' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हल्ल्यांच्या मुळाशी हेच असते: मधला सर्व्हर आणि मागचा सर्व्हर यांचे विनंती कुठे संपते यावर एकमत होत नाही, आणि हल्लेखोर त्या फटीतून दुसरीच विनंती आत ढकलतो.

टीसीपी बाइट क्रमाने आणि न गाळता पोचवतो. त्यांचे गट मात्र तो राखत नाही. गिरणीत कोणी एकामागोमाग दोन घरांचे गहू वरून ओतले, तर खाली पीठ सलगच पडते, आणि कोणाचे कुठे संपले हे गिरणीवाल्याने स्वतः लक्ष ठेवल्याशिवाय कळत नाही. टीसीपीचेही तसेच आहे. आपण दोनदा लिहिलेले पलीकडे एकदाच वाचले जाऊ शकते, आणि एकदा लिहिलेले तीन तुकड्यांत पोचू शकते. म्हणून प्रत्येक प्रोटोकॉलने शेवट दाखवण्याची आपापली रीत शोधली. डेटाइम जोडणी मिटवून शेवट सांगतो. एचटीटीपी लांबी आधी सांगतो. मेल पोचवणारा एसएमटीपी हा प्रोटोकॉल १९८२ पासून एका ओळीवर एकटा पूर्णविराम ठेवून पत्र संपल्याचे सांगतो, आणि पत्रातच एखादी ओळ टिंबाने सुरू होत असेल तर पाठवणाऱ्याने तिच्यापुढे आणखी एक टिंब लावायचे व घेणाऱ्याने ते काढायचे, असा नियम त्याला जोडीला करावा लागतो. ती एवढीशी तरतूद मला फार आवडते. चाळीस वर्षांहून अधिक काळ जगभरची पत्रे तिच्या भरवशावर जात आली आहेत, आणि पत्र लिहिणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणालाही ती माहीत नाही.

बॅशची ही फाइल फक्त बाहेर जोडणी करू शकते. पोर्टवर बसून कोणाची वाट पाहणे तिला जमत नाही. त्यासाठी नेटकॅट हे जोडणीतून बाइट पाठवणारे-घेणारे साधन लागते. 'हॉबिट' एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेखकाने ते लिहिले आणि त्याची १.१० ही आवृत्ती मार्च १९९६ मध्ये आली. आज निरनिराळ्या प्रणालींवर सापडणाऱ्या एनसी नावाच्या आज्ञा नेटकॅटचीच भावंडे आहेत, आणि भावंडांचे स्वभाव सारखे नाहीत. हा फरक मी गिरगावातल्या एका छापखान्यात अगदी जवळून पाहिला.

छापखान्याच्या मालकांना आम्ही काका म्हणतो. त्यांच्याकडे एक जुने लिनक्स यंत्र सांबा या फाइली वाटून देणाऱ्या प्रोग्रॅमच्या मदतीने सगळ्या डीटीपी यंत्रांची फाइलपेटी सांभाळत होते, आणि त्यावर कित्येक वर्षांच्या दिवाळी अंकांची पाने, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल असा सुमारे ४० गिगाबाइटचा साठा होता. डिस्क आवाज करू लागली होती आणि नवीन यंत्र शेजारच्या टेबलावर तयार होते. एसएसएच या कूटबद्ध जोडणीच्या साधनाने साठा हलवणे हा पहिला विचार. पण जुन्या यंत्राचे एसएसएच इतके जुने होते, की त्याला येणाऱ्या किल्ली-देवाणघेवाणीच्या पद्धती नव्या ओपनएसएसएचने केव्हाच बंद केल्या होत्या. त्या हट्टाने चालू करता आल्या असत्या; मात्र जुन्या प्रोसेसरला ४० गिगाबाइट कूटबद्ध करायला लावण्यात अर्थ नव्हता, कारण दोन यंत्रांमध्ये एका केबलशिवाय काहीही नव्हते. ती केबल आमच्या डोळ्यांसमोर टेबलावर पडली होती आणि तिसऱ्या कोणाला ती ऐकता येण्याचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा दोन्ही यंत्रांना हाताने आयपी पत्ते दिले. नव्या यंत्रावर नेटकॅटला एका पोर्टवर ऐकत बसवले आणि त्याचा प्रवाह पाइपने टार या फाइली एकत्र बांधणाऱ्या-सोडवणाऱ्या प्रोग्रॅमकडे दिला. जुन्या यंत्रावर टारने साठा बांधायचा आणि पाइपने नेटकॅटकडे सोपवायचा. दोन्हीकडे एकेक ओळ. जुन्या यंत्राचे नेटवर्क कार्ड सेकंदाला १०० मेगाबिटचे होते, म्हणजे फार तर साडेअकरा मेगाबाइट दर सेकंदाला, म्हणजे तासभराचे काम.

त्या तासात काका बाजूला बसले होते आणि हे कसे चालते ते विचारत होते. त्यांना दाखवण्यासाठी मी नव्या यंत्रावर कंट्रोल-झेड दाबून घेणारी बाजू थांबवली. जुन्या यंत्राला कोणीही हात लावला नव्हता, तरी काही क्षणांत त्याच्या डिस्कचा लुकलुकणारा दिवा विझला. झाले ते असे: कंट्रोल-झेडने घेणारा टार आणि घेणारी नेटकॅट दोन्ही थांबले, बाइट कोणी उचलत नाही म्हणून नव्या यंत्राच्या कर्नलने टीसीपीची खिडकी, म्हणजे आणखी किती बाइट घेता येतील हे कळवणारा आकडा, लहान करत शून्यावर आणली, त्यामुळे जुन्या यंत्राच्या कर्नलमधली पाठवणीची जागा भरली, तिथल्या नेटकॅटला आणखी लिहिता येईना, तिच्यामागचा ६४ किलोबाइटचा पाइप भरला, आणि अखेरीस पाठवणारा टार जागच्या जागी थांबून डिस्क वाचायचा राहिला. जुन्या यंत्रावरच्या एकाही प्रोग्रॅमला 'थांब' असा निरोप कोणी दिला नव्हता. एफजी लिहून पुन्हा सुरू केले आणि दिवा परत लुकलुकू लागला. मॅक्लरॉय यांच्या टिपणातली नळी एका यंत्राच्या हद्दीबाहेर, केबलमधून पलीकडे जाऊनही नळीसारखीच वागते, हे इतक्या थेट रूपात पाहायला मिळणे मला आजही विलक्षण वाटते.

साठा संपला तरी दोन्हीकडचे प्रॉम्प्ट परत आले नाहीत. "सगळं गेलं का गं पलीकडे?" काकांनी विचारले, आणि प्रश्न अगदी रास्त होता. टार आपल्या साठ्याच्या शेवटी ५१२ बाइटचे दोन कोरे ठोकळे लिहितो, म्हणून टारला स्वतःचा शेवट ओळखता येतो. नेटकॅटला त्या ठोकळ्यांचा अर्थ कळत नाही. तिच्यासाठी तेही बाइटच. शिवाय टीसीपीची जोडणी दुहेरी असते: एका बाजूने 'माझे बोलून झाले' असे कळवले तरी दुसरीला बोलत राहण्याची मुभा असते. त्यामुळे मूळ धाटणीची नेटकॅट आपल्याकडचा मजकूर संपल्यावर पलीकडून काही येईल म्हणून थांबून राहते. ओपनबीएसडीच्या एनसीला मोठ्या लिपीतला 'एन' हा पर्याय दिला तर ती मजकूर संपताच आपली बाजू मिटवते. डेबियनच्या जुन्या आवृत्तीत त्यासाठी 'क्यू' हा पर्याय आहे. नुसते 'एनसीने पाठवा' असे लिहिलेल्या सूचना कुठे चालतात आणि कुठे लटकतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

प्रॉम्प्ट आला म्हणून साठा सुखरूप पोचला असे मी धरत नाही. टीसीपीची बेरीज-तपासणी अवघ्या १६ बिटांची असते. तिच्यावर इथरनेटची ३२ बिटांची तपासणी असली, तरी कुरकुरणारी डिस्क वाचतानाच काही बिघडले असेल तर यांपैकी कोणालाही ते कळणार नाही. म्हणून दोन्ही यंत्रांवर प्रत्येक फाइलची एमडीफाइव्ह बेरीज, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण, काढली, दोन्ही याद्या लावून घेतल्या आणि डिफने ताडून पाहिल्या. डिफ काहीच बोलले नाही, तेव्हा काकांना "हो, गेलं सगळं" असे सांगितले. त्या फाइलींतला पुष्कळसा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला होता, म्हणजे योग्य फॉन्ट नसेल तर कोणालाही न वाचता येणारा. नेटकॅटने त्यातले एकही अक्षर न ओळखता तो जसाच्या तसा पलीकडे नेला. न ओळखता नेणे हाच तिचा गुण.

निघण्यापूर्वी तिथल्या नेटवर्क प्रिंटरवरही एक प्रयोग केला, कारण प्रिंटर समोर असताना तो न करणे मला जमत नाही. बहुतेक नेटवर्क प्रिंटर ९१०० या पोर्टवर ऐकत असतात आणि तिथे आलेले बाइट छापायचा मजकूर म्हणून घेतात. साधा इंग्रजी मजकूर नेटकॅटने तिथे पाठवला, तर ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत छापल्या गेल्या, कारण युनिक्सच्या ओळीच्या शेवटी फक्त लाइनफीड असते आणि कागद वर सरकला तरी छपाई डाव्या कडेला परतत नाही. दोन्ही बाइट घातले तेव्हा ओळी सरळ आल्या. देवनागरी मजकूर असा थेट जात नाही, कारण प्रिंटरकडे तो फॉन्ट नसतो. पण फॉन्ट पोटात घेतलेली पोस्टस्क्रिप्ट फाइल त्याच पोर्टवर सोडली आणि पान नीट बाहेर आले. ड्रायव्हर नाही, रांग नाही. काकांच्या हाताखालच्या मुलाने ती ओळ लगेच वहीत उतरवून घेतली.

मधल्या वाटेवर कोणी ऐकत नाही, ही छापखान्यातली खात्री शहराच्या नेटवर्कवर कधीच धरता येत नाही. मुंबईत १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा त्यात शेल अकाउंट हा प्रकार होता: घरून मॉडेमने निगमच्या युनिक्स यंत्रात शिरायचे आणि तिथल्या अक्षरी पडद्यावर काम करायचे. इंटरनेट त्या यंत्रापर्यंतच येत असे. उतरवलेली फाइल तिथून घरच्या संगणकावर आणायला झेडमॉडेमसारखा आणखी एक प्रोटोकॉल चालवावा लागे. त्या काळी जगभर एका यंत्रातून दुसऱ्यात जायला टेलनेट वापरले जाई आणि पासवर्ड वाटेतल्या प्रत्येकाला वाचता येईल अशा उघड्या अक्षरांत जाई. त्याच १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे पासवर्ड चोरले गेल्यानंतर तिथल्या टाटू य्युलेनेन यांनी एसएसएच लिहिले. एसएसएचकडे आपण दूरच्या यंत्रात शिरण्याचे साधन म्हणून पाहतो, पण ते पाइपही आहे: टारचा प्रवाह एसएसएचमध्ये सोडून पलीकडे दुसऱ्या टारकडे देता येतो, आणि मधले सारे कूटबद्ध राहते. शिवाय पलीकडची आज्ञा संपली की तिचा निकालही परत येतो. इंटरनेटवरून काही न्यायचे असेल, तर नेटकॅटचा विचारही करू नये. एसएसएचचा पाइप वापरावा.

अंतरही शेलमधून दिसते. नसलेली फाइल उघडण्याच्या आज्ञेपुढे टाइम लिहिले, की जोडणीला लागलेला वेळ कळतो, आणि तो साधारण एका फेरीचा असतो: आपली हाक, पलीकडची ओ, आणि मग आपण बोलायला मोकळे. मुंबईतल्याच सर्व्हरला काही मिलिसेकंद लागतात, लंडनला शंभरावर, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याला दोनशेच्याही वर. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन सरळ अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास धरले, तर जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद ही निसर्गाचीच मर्यादा, आणि वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. जानेवारी २००८ मध्ये इजिप्तजवळ केबली तुटल्या, तेव्हा भारतभर इंटरनेट मंदावले होते. जोडण्या होत होत्या, पण लांबच्या वाटेने. ज्याने हा वेळ स्वतः मोजला आहे, तो एका पानासाठी दहा वेळा समुद्रापार विचारणा करणारा प्रोग्रॅम लिहिताना थबकतो.

आता वेबवरचे बहुतेक बोलणे कूटबद्ध झाले आहे, आणि एचटीटीपीची तिसरी आवृत्ती तर टीसीपी सोडून यूडीपी या वेगळ्या प्रोटोकॉलवर चालते. ती हाताने लिहिणे शक्य नाही. तरीही या नसलेल्या फाइलची गरज मला दर आठवड्याला पडते, आणि ती कंटेनरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे तेवढेच सामान बांधलेल्या बंदिस्त डब्यात. तिथे कर्ल नसते, नेटकॅट नसते, पिंगही नसते; बॅश मात्र पुष्कळदा असतो. परवा आमच्या गटातल्या डोंबिवलीच्या मुलीने विचारले, "मॅडम, पोर्ट उघडा दाखवतोय, मग सेवा बंद कशी?" तिने तपासणी नेहमीच्या रीतीने लिहिली होती: जोडणी झाली तर सेवा जिवंत. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आले तर यंत्र जागे आहे पण त्या पोर्टवर कोणी बसलेले नाही, आणि काहीच न येता दोनेक मिनिटांनी 'टाइम्ड आउट' आले तर बहुधा मधली फायरवॉल बाइट गिळते आहे, हा फरकही तिला ठाऊक होता. तिच्यापुढचा प्रकार तिसराच होता. टीसीपीची सुरुवातीची तीन पावलांची ओळख प्रोग्रॅम करतच नाही, कर्नल करतो. प्रोग्रॅम आत अडकून पडला असला, तरी त्याच्या नावाची रांग भरेपर्यंत कर्नल नव्या जोडण्या स्वीकारत राहतो. जोडणी झाली याचा अर्थ कर्नल जिवंत आहे, एवढाच.

ती सेवा रेडिस या माहिती साठवणाऱ्या सर्व्हरची होती. रेडिसच्या ६३७९ पोर्टवर 'पिंग' ही एक ओळ लिहिली, की निरोगी रेडिस अधिकाचे चिन्ह लावून 'पाँग' असे उत्तर देतो. तिने तपासणीत तीन आज्ञा घातल्या: फाइल उघडणे, पिंग लिहिणे, आणि रीडला दोन सेकंदांची मुदत देऊन एक ओळ वाचणे. अडकलेल्या रेडिसकडून त्या मुदतीत काही आले नाही आणि तपासणीने पहिल्यांदाच खरे सांगितले. अल्पाइन या लहानशा लिनक्सवर बांधलेल्या कंटेनरमध्ये मुळात बॅश नसतो, तिथला साधा शेल हे नाव ओळखत नाही आणि अशी फाइल नसल्याचे सांगतो. त्यांच्यासाठी तिने तीच तपासणी बिझीबॉक्स या आज्ञांच्या संचातल्या लहान एनसीने लिहिली, आणि तिलाही दोन सेकंदांचीच मुदत दिली.